इलेक्ट्रिक कुकरमधला तांबडा रस्सा: मटण मऊ होतं, पण तवंग का येत नाही?

रानवाट:
इन्स्टंट पॉटसारखे इलेक्ट्रिक प्रेशर कुकर परदेशातल्या मराठी घरांत कधीच रुळलेत, आता इकडेही दिसतात. डाळ, राजमा, छोले यांत उत्तम होतात. प्रश्न मटणाचा आहे. नेटवर बहुतेक ठिकाणी एकच पद्धत सापडते: कांदा परता, वाटण-मसाला घाला, मटण आणि पाणी घाला, 'मीट'चं बटण दाबून ३५ मिनिटं ठेवा. मटण मऊ होतं हे खरं, पण रस्सा गढूळ आणि फिक्का राहतो, वर लाल तवंग धरत नाही, आणि मध्येच 'बर्न' असा इशारा येऊन सगळं थांबतं. ६ लिटरचं भांडं आणि १ किलो हाडासकट बोकडाचं मटण धरून सांगा: वेळ किती, पाणी किती, आणि कोल्हापुरी चवीचा रस्सा यात खरंच होतो का?

मृदगंध:
खुर्ची टाकून बसले आहे. येताना भाकरी कोण आणतंय?

पंचगंगा:
होतो, आणि उत्तम होतो. फक्त खोबऱ्या-कांद्याचं वाटण कुकरच्या आत जाता कामा नये. तुमच्या तिन्ही अडचणी तिथूनच सुरू होतात.

कोल्हापूरकडे आधी मटण हळद, मीठ आणि आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवून घेतात. ते पाणी म्हणजे अळणी. त्याच अळणीचे पुढे दोन वाटे: एकाचा तांबडा, दुसऱ्याचा पांढरा. फोडी बाजूला काढून त्यांचं सुकं. ही पद्धत इलेक्ट्रिक कुकरला अगदी सोयीची आहे, कारण या भांड्याला पातळ पाणी आवडतं, दाट मसाला आवडत नाही.

१ किलो मटणाला १ चमचा हळद, पावणेदोन चमचे मीठ, २ मोठे चमचे आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून अर्धा तास ठेवा. भांडं परतण्याच्या सेटिंगवर गरम करून १ मोठा चमचा तेल, एक बारीक चिरलेला कांदा, २ तमालपत्रं. कांदा पारदर्शक झाला की मटण घालून ५-६ मिनिटं परता, स्वतःचं पाणी सुटू द्या. मग दीड लिटर उकळतं पाणी. गार पाणी घातलंत तर प्रेशर यायलाच २०-२५ मिनिटं जातात. झाकण लावायच्या आधी लाकडी उलथन्याने तळ खरवडून घ्या. हाय प्रेशरवर २२ मिनिटं आणि नंतर १५ मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही.

वाटण वेगळं, गॅसवर. अर्धी वाटी सुकं खोबरं, २ कांदे, १ मोठा चमचा तीळ, १ मोठा चमचा खसखस, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. खोबरं आणि कांदा चांगला तांबूस होईपर्यंत भाजा. गंधासारखं बारीक वाटा. तांबडा रस्सा पातळच असतो, त्यामुळे यातलं निम्मं वाटण रश्शाला पुरतं, उरलेलं सुक्क्याला.

रश्शासाठी पातेल्यात ५ मोठे चमचे तेल, वाटण मंद आचेवर १० मिनिटं, कडेने तेल सुटलं की आच अगदी बारीक करून ३ मोठे चमचे कांदा-लसूण मसाला आणि १ चमचा ब्याडगीची पूड. मसाला अर्धा मिनिटच परतायचा, करपला की रंग काळपट आणि चव कडू. लगेच ४ वाट्या गरम अळणी. झाकण न ठेवता १५ मिनिटं मध्यम उकळी. गॅस बंद केल्यावर ५ मिनिटांत तवंग वर येतो.

रानवाट:
@पंचगंगा, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पण मग अर्धं काम गॅसवरच गेलं. सगळं एकाच भांड्यात करता येत नाही का? आणि २२ मिनिटंच? 'मीट'चं बटण ३५ दाखवतं.

यंत्रवेडा:
'मीट'चं बटण म्हणजे नुसती आधीच भरून ठेवलेली वेळ. ती गोमांसाच्या मोठ्या तुकड्यांच्या स्ट्यूच्या हिशेबाने धरलेली असते. सरळ मॅन्युअल किंवा 'प्रेशर कुक' घ्या आणि मिनिटं स्वतः ठरवा.

वेळेचा हिशेब समजून घ्यायचा तर प्रेशर समजायला हवं. आपला गॅसवरचा कुकर सुमारे १५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) चालतो, आत साधारण १२० अंश तापमान असतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर हाय प्रेशरवर १० ते ११.५ पीएसआयच्या आसपास राहतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. फरक थोडा दिसतो, पण मटणातलं कोलॅजन (मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन) विरघळून त्याचं जिलेटिन होण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. गॅसवर १५ मिनिटं पूर्ण प्रेशरमध्ये शिजणारं मटण इथे १८ ते २० मिनिटं घेतं. शिवाय गॅसच्या कुकरमध्ये प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ जाते, इथे जवळपास काहीच जात नाही. म्हणून सुक्क्या किंवा दाटसर मटणाला गॅसच्या कुकरइतकं पाणी घातलंत तर पाण्याची विहीर होते. १ किलोला १ वाटी पुरते, मटणही स्वतःचं पाणी सोडतं. रस्सा हवा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पंचगंगांचं दीड लिटर बरोबर आहे. भांड्यातल्या दोन-तृतीयांश खुणेच्या वर मात्र कधी जायचं नाही.

आता 'बर्न'. भांड्याच्या बुडाखाली तापमान मोजणारा सेन्सर असतो. तळ साधारण १४० अंशांच्या पुढे गेला की तो हीटर बंद करतो. पातळ पाणी तळाशी फिरत राहतं तोवर तळ इतका तापत नाही. खोबरं, काजू, टोमॅटोची प्युरी, बेसन असं काही तळाशी बसलं की पाणी तिथे पोचत नाही, आणि बाकी भांडं भरलेलं असलं तरी तेवढा भाग तापतो. परतताना चिकटलेला कांदाही तेवढंच करतो. इशारा आला तर वाफ सोडा, झाकण उघडा, तळ खरवडा, अर्धी वाटी पाणी घाला, पुन्हा लावा. खरवडून जे निघतं ते काळं असेल तर मटण दुसऱ्या पातेल्यात काढून भांडं घासणं भाग आहे, तो वास रश्शात उतरतो.

शिट्टीवाला:
एवढा हिशेब कशाला? ६ शिट्ट्या आणि मग १० मिनिटं बारीक गॅस. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच.

यंत्रवेडा:
@शिट्टीवाला, तुमच्या घरच्या शेगडीवर, तुमच्या कुकरला ते अगदी बरोबर असेल. पण मोठ्या आचेवर ६ शिट्ट्या ५ मिनिटांत होतात आणि बारीकवर २० मिनिटांत. शिट्ट्यांवरून दुसऱ्याला वेळ सांगता येत नाही. गॅसच्या कुकरलाही पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजणं जास्त खात्रीचं.

शिट्टीवाला:
मान्य. पण शिट्टीशिवाय शेजाऱ्यांना कळणार कसं की आज रविवार आहे?

वऱ्हाडी ठसका:
एका भांड्यात करायचंच असेल तर सावजीच्या वाटेने जाऊ नका एवढंच सांगते. सावजी मटणात मसाला तेलात बराच वेळ परतायचा असतो, काळपट तर्री त्याच्यातूनच येते. या कुकरचं परतण्याचं सेटिंग ३० मिनिटांनी आपोआप बंद होतं, आणि भांड्याचं बूड मध्यभागी किंचित उंच असल्यामुळे तेल कडेला पळतं, मसाला मध्ये कोरडा राहून लागतो. ५ चमचे तेल घातलं तरी मधला भाग उघडाच. मसाला जाड बुडाच्या लोखंडी कढईत करा.

तिरफळ:
मी थोडी असहमत. रोजच्या जेवणाची मालवणी सागोती एकाच भांड्यात नीट होते, फक्त क्रम पाळा. कांदा परतून त्यात मालवणी मसाला आणि आलं-लसूण, मग मटण, मग दीड वाटी गरम पाणी. तळ खरवडायचा. प्रेशर उतरल्यावर झाकण काढून भाजल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण घालायचं आणि परतण्याच्या मधल्या सेटिंगवर १० मिनिटं उकळायचं, मधूनमधून ढवळत. वाटण आधीच भाजलेलं असतं, त्याला प्रेशरची गरजच नसते. खोबरं प्रेशरखाली शिजलं की त्याचा खमंगपणा जातो आणि रवाळ लागतं. एवढं केलं की दुसरं पातेलं काढावं लागत नाही.

पण तांबड्या रश्शासारखा पातळ, तवंगाचा रस्सा हवा असेल तर पंचगंगांच्या बाजूने मत.

पंचगंगा:
@तिरफळ, सागोतीला तुमची पद्धत पूर्ण मान्य. तिच्यात दाटपणा हवाच असतो.

@रानवाट, तवंगाचं कारण राहून गेलं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. मसाला पाणी घातलेल्या रश्शात टाकला तर तो नुसता तरंगतो, तेलाला रंग मिळत नाही. म्हणून मसाला तेलातच पडायला हवा. दुसरं, प्रेशर एकदम सोडलं की आतलं पाणी धडाधडा उकळतं आणि चरबी बारीक थेंबांत मोडून पाण्यात मिसळते. तुमचा रस्सा गढूळ होतो तो त्यामुळे. अळणी निवळ हवी असेल तर प्रेशर आपोआपच उतरू द्या. मटणालाही तेच चांगलं, एकदम वाफ सोडली की फोडी चिवट आणि कोरड्या होतात.

डेन्व्हरकर:
उंचावर राहणाऱ्यांसाठी एक भर. हे कुकर बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते पाहतात. उंचावर बाहेरचाच दाब कमी, म्हणून आतलं तापमानही कमी. ठोकताळा असा: २००० फुटांच्या वर दर १००० फुटांना ५ टक्के वेळ वाढवा. डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे, तिथे २२ ऐवजी २५-२६ मिनिटं. पुण्याला काही बदल लागत नाही. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, तिथे १०-१२ टक्के वाढवा.

दमयंती:
दुबईतून प्रश्न: इथे खसखस आणायला बंदी आहे, विमानतळावर सापडली तर मोठी भानगड. तांबड्यात नाही घातली तरी चालेल, पण पांढऱ्या रश्शात काय करायचं?

पंचगंगा:
खसखशीऐवजी मगजबी, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. १ मोठा चमचा मगजबी, १० काजू, १ मोठा चमचा पांढरे तीळ गरम पाण्यात अर्धा तास भिजवून अगदी मऊ वाटा. साजूक तुपात ३ लवंगा, २ वेलदोडे, इंचभर दालचिनी, ८-१० मिरे, ३ हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. वाटण मंद आचेवर २-३ मिनिटं, रंग बदलू द्यायचा नाही. मग ३ वाट्या अळणी, एक उकळी, आच बारीक, आणि शेवटी १ वाटी नारळाचं घट्ट दूध. दूध घातल्यावर उकळी आणायची नाही, कडेला बुडबुडे दिसले की बंद. हे प्रेशरखाली कधीच करू नका, दूध फाटतं.

डब्यातलं नारळाचं दूध वापरत असाल तर त्यात घट्टपणासाठी गवार गम वगैरे असतं. ते सहज फाटत नाही, पण रस्सा चिकट होतो. पाऊण वाटी दूध आणि पाव वाटी अळणी असं सैल करून घाला. पांढऱ्यासाठी अळणीत हळद अगदी चिमूटभर ठेवा. दोन्ही रस्से करायचे असतील तर सुरुवातीलाच कमी घाला, तांबड्याचं काही बिघडत नाही.

निळीसावळी:
मटण कोणतं घ्यायचं ते कुणी बोललंच नाही. अमेरिकेत आणि युरोपात सुपरमार्केटमध्ये बोकड सहसा मिळत नाही, मिळतं ते लॅम्ब. त्याला चरबी जास्त, वास वेगळा, आणि शिजतंही लवकर. हाडासकट खांद्याला १५-१६ मिनिटं पुरे. २२ मिनिटं दिलीत तर हाड वेगळं, मांस वेगळं. मांडीचं बिनहाडाचं मांस रश्शाला घेऊ नका, कोरडं पडतं.

हलाल दुकानात बोकड मिळतो. तिथे मागताना खांदा, मान आणि थोडी नळी असं मिश्र घ्या, नुसती मांडी नको. दीड इंची फोडी सांगा. अजून एक, बऱ्याच दुकानांत विजेच्या करवतीवर कापतात. हाडांचा पांढरा भुगा आणि बारीक कपच्या फोडींना चिकटून येतात, बोटाने चोळल्यावर वाळूसारख्या लागतात. तीन पाण्यांतून चोळून धुवा आणि चाळणीत निथळा. नाहीतर त्या तळाशी बसतात आणि रश्शाच्या शेवटच्या घोटाला दाताखाली येतात. अळणी बारीक गाळणीने गाळली तर आणखी बरं.

मृदगंध:
हाडाच्या भुग्याचं सोनं लागलं हाताला! याबद्दल कुणीच सांगत नाही.

मेतकूट:
गोठवलेलं मटण थेट टाकलं तर चालतं का?

यंत्रवेडा:
सुट्या फोडी गोठवलेल्या असतील तर चालतं, प्रेशर यायला १०-१५ मिनिटं जास्त लागतात, शिजायची वेळ ५ मिनिटं वाढवा. एकच मोठा गोळा असेल तर नको. बाहेरून गळून जातं आणि आत कच्चं राहतं. आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. आणि कच्चं मटण भरून सकाळी 'डिले स्टार्ट' लावून कामावर जाऊ नका, तासन् तास ते सामान्य तापमानाला पडून राहतं.

सुगरण_की_काय:
अवांतर: झाकणाच्या रिंगला मटणाचा वास बसतो त्याचं काय करायचं? साबण, लिंबू सगळं झालं.

तिरफळ:
सिलिकॉनला मसाल्याचा वास धरतोच. दोन रिंगा ठेवा, एक मटण-मासळीची, एक बाकीची, रंग वेगळे घ्या म्हणजे घोळ नको. वास कमी करायला भांड्यात २ वाट्या पाणी, १ वाटी व्हिनेगर घालून रिंग झाकणाला लावूनच 'स्टीम'वर ३ मिनिटं चालवा, मग रिंग दिवसभर उन्हात. वापर नसताना झाकण उलटं ठेवा, बंद करून ठेवलं की वास कोंडतो. आणि मटणाची रिंग लावून बासुंदी करू नका, सत्यनारायणाचा शिरा तर नाहीच नाही.

सुगरण_की_काय:
शिऱ्याबद्दल वेळीच सांगितलंत!

मेतकूट:
अवांतरात अजून एक. भाऊ अमेरिकेतून येताना तिथला कुकर आणणार आहे. इथे चालेल का?

यंत्रवेडा:
नाही. तिथला १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसता प्लग बदलून लावलात तर क्षणात जळेल. १००० वॅटच्या कुकरला किमान १५०० वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड, महाग आणि ओट्यावर जागा खाणारा. इथे २३० व्होल्टचे मिळतात, तेच घ्या. सुट्या रिंगा आणि दुरुस्तीही इथेच मिळते.

रानवाट:
पंचगंगांच्या पद्धतीने आज अळणी लावली. 'बर्न' आलं नाही, पाणी निवळ आहे. पण २२ मिनिटं आणि १५ मिनिटं आपोआप उतरवूनही मानेच्या फोडी अजून ओढाव्या लागताहेत. बाकीच्या शिजल्यात. आता?

निळीसावळी:
मान आणि पायाकडचा भाग नेहमीच मागे राहतो, त्यात कोलॅजन जास्त. जनावर जून असेल तरी तसंच. शिजलेल्या फोडी काढून घ्या, राहिलेल्या त्याच पाण्यात पुन्हा हाय प्रेशरवर ७ मिनिटं. पाणी गरमच आहे, त्यामुळे प्रेशर लवकर येईल. पुढच्या वेळी जून मटण वाटलं तर थेट २८-३० मिनिटं द्या. शिजलंय की नाही ते हाडाजवळ बघा: मांस हाडावरून मागे सरकून हाडाचं टोक उघडं पडलं की झालं.

वऱ्हाडी ठसका:
जून मटणाला कच्ची पपई लावतात, १ किलोला सालासकट किसलेली १ लहान चमचा, अर्धा तास. जास्त लावली की बाहेरून लगदा होतो आणि आत तसंच राहतं. प्रेशर कुकर आहे तर मिनिटं वाढवणं बरं, पपईची गरज नाही.

डेन्व्हरकर:
झाकण उघडताना एक काळजी. फ्लोट व्हॉल्व्हची छोटी दांडी पूर्ण खाली बसल्याशिवाय झाकण फिरवायचं नाही, अडलं तर जोर लावायचा नाही. दीड लिटर पाणी असलं की आत दाब बराच वेळ टिकतो, १५ मिनिटांनीही थोडा उरतो. तेव्हा नॉब चिमट्याने किंवा लांब उलथन्याने थोडाथोडा, थांबत थांबत उघडा. तेलकट पाण्याचे शिंतोडे बाहेर येऊ लागले की लगेच बंद करून ५ मिनिटं थांबा. वर लाकडी कपाट असेल तर कुकर पुढे ओढून घ्या. नंतर झाकणाच्या आतली छोटी जाळीची टोपी काढून धुवा, तिथे कोथिंबिरीची पानं आणि चरबी अडकते आणि पुढच्या वेळी प्रेशरच धरत नाही.

रानवाट:
७ मिनिटांत मानेच्या फोडी झाल्या. रस्सा पातेल्यात उकळतोय, तेल वर यायला लागलंय आणि लाल आहे! एकच शंका उरली: अळणी दोन-तीन वाट्या जास्त झाली आहे. ठेवता येईल का?

पंचगंगा:
येईल. उथळ भांड्यात ओतून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी ती थरथरत्या जेलीसारखी घट्ट दिसेल, ते नळीतलं आणि मानेतलं जिलेटिन. वर पांढऱ्या चरबीचा थर धरेल. तो उलथन्याने अलगद उचला, टाकू नका: पुढच्या रश्शाच्या फोडणीत तेलाचे दोन चमचे कमी करून तो घाला. अळणी फ्रिजमध्ये ३ दिवस, फ्रीजरमध्ये २-३ महिने. फ्रीजरला ठेवताना डबा काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा.